दात आईचे होते
किराणावाल्याकडे सायट्रिक अ‍ॅसिडची पुडी दिसली की मला अजून मुलुंडच्या त्या दातांच्या डॉक्टरचा राग येतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आईच्या पुढच्या दोन दातांच्या मुळाशी हाड झिजलं होतं आणि भाकरी चावताना ते हलायचे. डॉक्टरने तिच्या तोंडात आरसा घालून पाहिलं आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या बाबांना सांगितलं, “काढून टाकू. मुलं मोठी झाली, आता यांना कोणाला दाखवायचेत दात?” बाबा चक्क हसले. आई तोंड उघडं ठेवून छताकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं. “दात तिचे आहेत ना? मग तिला विचारा!” असं ओरडून मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. नंतर आम्ही दोघीच घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या आईसमोर स्टूल ओढून बसल्या. “हिरडी उघडून मूळ खरवडायचं, मग त्यावर सायट्रिक अ‍ॅसिडचा बोळा फिरवायचा. हिरडी पुन्हा मुळाला धरेल अशी आशा आहे. उपचार नवीन आहे, खात्री देत नाही. करू या?” “म्हणजे आमच्या सरबतातलं?” आईने विचारलं. “तेच, पण खूप कडक.” आई म्हणाली, “करा.” घरी येऊन तिने बाबांना फक्त तारीख सांगितली. एक दात टिकला, दुसरा काही वर्षांनी गेलाच. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाला आलेय, आणि कुठला डॉक्टर माझ्या दुखण्याबद्दल माझ्या नवऱ्याशी बोलायला लागला, की मी सरळ म्हणते, “इकडे बघून बोला.”