बुकमार्कचं संदर्भासह स्पष्टीकरण

मंडळी, आज ऑफिसात माझी शाळा कामी आली.

निवृत्तीनंतर मी बिबवेवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहितो. आमच्या टीमचे बुकमार्क एकाच ठिकाणी असतात. महिन्यापूर्वी तिथे ‘महत्त्वाचे’ नावाचे पाच फोल्डर होते. मी हट्टच धरला, प्रत्येक लिंकखाली एक ओळ लिहायची: कोणी ठेवली, कोणासाठी, कशासाठी. शाळेत कवितेच्या ओळींचा संदर्भ लिहायचो ना, अगदी तसं.

“काका, याला मार्क किती?” टीममधल्या श्वेताने तेव्हा विचारलं होतं.

आज तिची ग्राहकासोबतची पहिली मीटिंग होती, अकराला. पावणेअकरा झाले तरी तिला माहिती-सुरक्षेच्या सरकारी नियमांचं पान सापडेना. ते शोधून ठेवणारा निखिल मागच्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेला.

मी म्हटलं, “अहो, बुकमार्कमध्ये ‘सुरक्षा’ शोधा.”

ओळ समोर आली: ‘निखिलने ठेवली, श्वेतासाठी. ग्राहक सुरक्षेच्या मुद्द्यावर अडून बसला तर दाखव.’

मीटिंगमध्ये ग्राहक तिथेच अडून बसला. श्वेताने पान दाखवलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “काका, निखिलला पैकीच्या पैकी.”

“आणि मला?”

“तुम्ही पेपर काढणारे. तुम्हाला कसले मार्क?”

तुमच्या टीमच्या ‘महत्त्वाचे’ फोल्डरमधलं काय कशासाठी आहे, ते तुमच्या माघारी कोणाला कळेल?