अपुरी लाखोली

त्या उन्हाळ्यात माझा घसा बसला तो पुन्हा उठलाच नाही. मी अल्लीपूरच्या शाळेत मास्तर होतो आणि आवाज हीच माझी इस्टेट. मी पाढे म्हणून घ्यायला लागलो की नाल्यापलीकडच्या वावरातली माणसं म्हणायची, मास्तर सुरू झाले, चला, न्याहारी करून घेऊ. सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला पुढं मीच. आणि चाळिशी उलटल्यावर एकाएकी गळ्यातून फुसफुस हवा तेवढी निघू लागली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, पण मोठ्यानं बोलणं आता विसरा, दुसरं काही काम बघा. घरी आलो, देवघरापुढं बसलो आणि खरं सांगतो, देवाशी भांडलो. घ्यायचंच होतं तर दुसरं काहीही घ्यायचं होतं, मास्तराचा आवाजच का घेतलास?

शाळेनं लांब रजा दिली. रजा संपेपर्यंत आवाज आला तर नोकरी, नाही तर घरी बसा. घरात बायको आणि लग्नाच्या वयाकडे चाललेल्या दोन मुली. मग मी नवस बोललो की श्रावणात महादेवाला बेलाची लाखोली वाहीन, रोज थोडी थोडी करून लाख पानं, पण माझा आवाज परत दे. गावाबाहेरच्या त्या देवळाजवळ बेलाचं एकच जुनं झाड होतं. मी रोज सकाळी शिडी लावायचो, अखंड त्रिदळ निवडून टोपली भरायचो आणि मनातल्या मनात नाव घेत एकेक पान पिंडीवर वाहायचो. गुरव बिचारा खाली शिडी धरून उभा राहायचा. मास्तरांचा नवस, त्यात आडवं कोण येणार? अर्धा श्रावण सरला तेव्हा गाभारा हिरवागार झाला होता आणि बाहेर झाडाचा खराटा. मला त्याची शुद्धच नव्हती. शेंड्यावर अजून किती पानं आहेत तेवढंच मी बघत होतो. आज आठवलं की हसू येतं.

अशाच एका सोमवारी देवळापुढं बैलबंडी थांबली. आत घोंगडीवर एक आजारी माणूस पडलेला होता, त्याला हिंगणघाटला दवाखान्यात नेत होते. त्याची बायको हातात तांब्या घेऊन उतरली. नवऱ्यासाठी देवाला बेल वाहावा म्हणून ती झाडाभोवती दोनदा फिरली, टाचा उंचावल्या, पण हाताला पान लागेल तर शपथ. मी गाभाऱ्यात गेलो, वाहिलेल्या राशीतून एक चांगलं पान उचललं, धुतलं आणि तिच्या हातावर ठेवलं. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. तिनं ते भक्तीनं वाहिलं, अर्धा तांब्या पिंडीवर ओतला आणि उरलेलं पाणी बाहेर येऊन बेलाच्या बुडाशी घातलं. मग वर बघितलं, माझ्या टोपलीकडं बघितलं.

“देवाले एक पान पुरते, भाऊ,” ती म्हणाली. “झाडाले सारी लागतात.”

बोलण्यात राग नव्हता. ती बंडीत बसली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गेली. पुन्हा मला ती कधी दिसली नाही. तिचा नवरा बरा झाला असेल असंच मी धरून चालतो.

लाखोली त्या दिवशी थांबली. नवस अर्ध्यात सोडला म्हणून मनात धाकधूक असायची. बायको म्हणाली, “अर्धा राह्यला तं राह्यला. त्याले तुमचे हाल दिसून नाई राह्यले का?” मी मात्र रोज देवळात जात राहिलो, टोपलीऐवजी घागर घेऊन. अर्धा तांब्या देवाला, बाकी घागर झाडाला. हिवाळाभर झाड तसंच उभं. रजा संपली, शाळेत दुसरे मास्तर आले, मी घरी बसलो. लेकी शिदोरी बांधून मला देवळात पाठवायच्या, कारण घरात माझी चिडचिड त्यांना सोसवत नव्हती. आणि चैत्र सरता सरता त्या वाळक्या फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी आली. मी गुरवाला हाताला धरून ओढत आणलं. आम्ही दोघं प्रौढ माणसं झाडाखाली उभं राहून रडत होतो.

पाण्याच्या ओलाव्यानं बेलाच्या मुळांतून जागोजाग फुटवे आले होते. ते मी मुळासकट काढून फुटक्या मडक्यांत लावले. काही मेले, बरेच जगले. मग कडूनिंब, चिंच, आंबा, जे बी मिळेल ते. बायको म्हणायची, वर्गातली पोरं तुमचं ऐकत नव्हती, ही काय ऐकतीन? पण पाणी घालायला तीच आधी उठायची. पावसाळा लागता देवळाचं आवार मडक्यांनी भरून गेलं.

त्या श्रावणातही एका सोमवारीच समुद्रपूरकडं जाणारी सरकारी मोटार देवळासमोर बंद पडली. माणसं उतरून विहिरीवर पाणी प्यायला आली. त्यांत सडकेच्या खात्यातले एक साहेब होते. ते रोपांच्या रांगांतून फिरले आणि हे कुणी केलं म्हणून विचारू लागले. सडकेच्या दोन्ही बाजूंनी झाडं लावायची होती आणि त्यांना रोपं वाढवणारा माणूस मिळत नव्हता. मी माझ्या फुसफुशा आवाजात सांगितलं की मला मोठ्यानं बोलता येत नाही. ते कान जवळ आणून ऐकत होते. हसून म्हणाले, “मास्तर, झाडांना कुठं ऐकू येतं?”

त्यांनी मला पगारावर रोपांच्या कामाला ठेवलं आणि तेव्हापासून मी झाडांचा झालो. वाफे, बोराटीच्या काट्यांचं कुंपण, आणि बकऱ्यांवर तोच जुना राग, जो पूर्वी वर्गावर निघायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की अंगभर समाधान असतं. इतकी वर्षं शिकवताना असं कधी वाटलं नव्हतं. गावोगावचे लोक देवळासाठी बेलाचं रोप मागतात. मी देतो, पण झाड डोक्यावर जाईपर्यंत एकही पान तोडणार नाही असा शब्द घेऊन.

परवाच्या श्रावणात समुद्रपूरच्या वाटेवरच्या एका देवळात गेलो होतो. माणसांची रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात मी दिलेल्या झाडाचं पान. मी खांबाला टेकून बघत राहिलो. माझी अपुरी लाखोली केव्हाच पुरी झाली होती आणि ती वाहणारा मी नव्हतो. हे सगळं देवानं माझ्या हातून करून घेतलं. मी फक्त माझा हट्ट सोडला. मीही एक पान वाहिलं, अर्धा तांब्या पिंडीवर, अर्धा झाडाच्या बुडाशी. घरी परतताना वाटेत लक्षात आलं, आवाज मागायचं राहूनच गेलं.