गुणाजीने केलेली स्वीडनची राणी

गुणाजीने ठरवलं होतं, यंदा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, वाढवायचा नाही. हातपाय धड आहेत तोवर कायमचं गावी, बायकोजवळ, शेवंताजवळ. पण ठरवायचं गुणाजीने आणि मोडायचं रूममधल्यांनी, असं दरसाल चालायचं. चौघे गळ्यात पडले की गडी विरघळलाच.

सगळं त्या नाटकापायी. अल-खोबरच्या बाहेरच्या या कँपात कोकणातले फिटर, वेल्डर शुक्रवारी मेसमध्ये दशावतारी ढंगाचा खेळ लावत, आणि बाईचं सोंग गुणाजीचं. त्याच्यावाचून खेळ उभाच राहत नसे. कँपबॉस ताजुद्दीनची अट ठरलेली : "देव-बिव नहीं, साडी-बिडी नहीं. राजा-रानी करो, बस."

म्हणून गुणाजी परमुलखातले राजे हुडकायचा. साइटवरच्या स्वीडिश सुपरवायझरने गाडीत जाता-येता आपल्याकडचे कितीतरी ऐकवले होते. धुक्यातल्या लढाईत पडलेला गुस्ताव आदॉल्फ, मुखवट्यांच्या नाचात गोळी खाल्लेला तिसरा गुस्ताव. गुणाजीने दोघांनाही बाजूला सारून आदॉल्फची पोर धरली, क्रिस्टीना.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. खेळाआधी कथा कानावर घालायची, पुढे ज्याचं त्याने तोंडाने निभावायचं. गुणाजीने कथा सांगितली :

"बापूस लढाईत मेलो तेव्हा ही सा वर्सांचीय नव्हती. तशीच गादीर बसवल्यानी. घोड्यार बसाची, पुरुषासारखी ऱ्हवाची, म्हणजे साडीची कटकट नाय. आणि भर तरुणपणात, राज्य चालू असताना म्हणाली, माका नको. आतेभावाक, कार्लाक, गादी दिल्यान आणि चालती झाली. विश्वनाथ, तू म्हातारो सरदार. मी खूण केली की उठ आणि माझ्या डोक्यावरचो मुकुट काढ."

"काढतंय," विश्वनाथ म्हणाला. हा गुणाजीच्या खालच्या बंकवरचा, इतक्या वर्षांचा सोबती.

एसीच्या डक्टच्या पत्र्याचा मुकुट, कांबळ्याचा झगा, पाण्याच्या रिकाम्या जारवर ठेका, आणि कार्लाच्या सोंगात रूममधला पोरगा सुशील. राणी बाकड्यावरून उठली, राज्य सोडल्याचं तिने दरबाराला सांगितलं आणि खूण केली.

सरदार जागचा हलेना.

"सरदार, उठा."

"नाय उठूचंय." मेस हसली. "राणीसायब, तुमी गेल्यार ह्या बाकड्यार कोण बसतला? ह्यो सुशील? तेका मिशी फुटना नाय, पण आवाज रेड्याचो!"

हशा उसळला. सरदाराच्या तोंडून कोण बोलतंय ते गुणाजीने ओळखलं. पण रंगात टाकलेला शब्द रंगातच परतवायचा असतो.

"सरदार, राणी होतस काय म्हणान माका कोणी इचारल्यान नाय. सगळ्यांनी बसवल्यानी, मी बसलंय. उठायचा कधी, ता तरी माका ठरवू द्या."

"रिन्यू करा, राणीसायब! एकच वरीस!" मागून कोणी ओरडलं.

"गेल्या सालीय ह्याच सांगितल्यात!"

पुन्हा हशा. विश्वनाथ मात्र हसत नव्हता. "माझो हात वर जाना नाय," तो हळूच म्हणाला.

गुणाजी थांबला. दर वर्षी इथेच तो ढेपाळायचा. मग त्याने दोन्ही हातांनी मुकुट उचलला आणि बाकड्यावर ठेवला.

पहिल्या रांगेतला सुपरवायझर उठूनच उभा राहिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "सेम! ऐसा ही हुआ था! बुढ्ढा नहीं उठा, क्वीन ने खुद निकाला. किसने बताया तुमको?"

"कोणी नाय," विश्वनाथ नाक ओढत म्हणाला. "फिर? रानी वापस बैठी क्या?"

"नहीं. रोम चली गई."

गुणाजी कांबळं खांद्यावर तसंच टाकून ताजुद्दीनच्या टेबलाशी गेला.

"ताजुद्दीनभाई, इकामा नहीं बढ़ाना. मेरा फायनल एक्झिट का कागज डालो."

"नाटक में बोल रहे, या सच्ची?"

"सच्ची. खलास."

विश्वनाथ मागोमाग आला होता. त्याच्याकडे न वळताच गुणाजीने विचारलं, "विमानतळार पोचवूक येतलंस मा?"

मागून आवाज आला, "बॅग मी उचलतलंय. ती तरी माका उचलू दी."