पाठ की पोट

हिकरी हे लाकडाचं नाव वडिलांना पहिल्या दिवशीच पटलं नाही. "उचकी लागल्यावानी वाटतंय," ते म्हणाले. "कोण आठवण काढतंय ह्याची?" चार महिन्यांत त्यांनी केलेली ही पहिली थट्टा, म्हणून मी जरा जास्तच हसले.

वडील, म्हणजे आमचे आप्पा, सुतार. भांडगावात हायवेलगत त्यांची पत्र्याची शेड आहे. चार महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका येऊन गेला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी हात चालता ठेवायला सांगितलेलं. आप्पा मात्र शेडच्या दारात खुर्ची टाकून पाटसच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या बघत बसायचे. एखादा पाट करा, पोळपाट करा म्हटलं की उत्तर तयार असे, "बाजारात मिळतंय की." मला भीती एकच होती. हा माणूस आता पुन्हा हत्याराला हात लावणार नाही, आणि तसाच बसून बसून संपून जाईल.

मी शिरूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. आमची मुलं बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकतात. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा परदेशी लाकडाचा धंदा आहे. त्यांच्याकडून हिकरीची सहा फुटी फळी मिळाली. हातोडीचे दांडे करतात ते हे लाकूड, अतिशय चिवट, आणि धनुष्याला नावाजलेलं. असलं धनुष्य काही आमच्या बाजारात मिळत नाही. म्हणजे आप्पांची पळवाट बंद.

यवतला झेरॉक्सच्या दुकानात मी तीन नमुने छापून घेतले. एक लांब, अरुंद आणि सरळ. दुसरा रुंद, चपट्या पात्यांचा. तिसऱ्याची दोन्ही टोकं पुढे वळलेली, वाफेवर लाकूड वाकवून करायची. आप्पांनी चष्मा लावला, कागद दूर धरले, जवळ धरले. पहिल्याला म्हणाले, "ही तर मेंढक्याची काठी." मग तिसऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो."

"ह्यो नको, आप्पा. चपटाच करा."

"का?"

"सोपा हाय," असं माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

त्यांनी चष्मा काढला. "म्हंजी माझ्या हाताला झेपंल ते काढलंस व्हय?"

"हाताचं न्हाई म्हणत मी. फळीच तेवढी हाय, वळवताना मोडली तर दुसरी कुठनं आणायची?"

फळी एकच होती हे खरं, पण बाकी सगळी मखलाशी. तो थरथरता हात आणि उकळतं पाणी मला एकत्र दिसत होतं. "मोडेन पण वाकणार न्हाई, आसलं लाकूड धनुष्याला कशाला आणलंस मग," ते म्हणाले, पण चपट्याचा कागद तेवढा घडी करून खिशात ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मला वाटलं, चला, पीळ तरी आहे.

कागदावरच्या धनुष्याखाली मी ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं : लाकूड पोटाकडूनच उतरवायचं. पाठीला रंधा लावायचा नाही. पोट म्हणजे नेम धरणाऱ्याकडची बाजू, पाठ म्हणजे त्याच्यापासून लांबची, निशाणाकडची. सगळा ताण तिच्यावर येतो. तिच्यावरच्या लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हव्यात, त्या तुटल्या की धनुष्य गेलं. रोज मुलांना सांगून सांगून हे मला इतकं सरावाचं झालंय, की घरी समजावून सांगायचं सुचलंच नाही.

पुढचे तीन आठवडे बरे गेले. आई फोनवर तक्रार करायची की जेवायला चारचारदा हाका माराव्या लागतात. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

मग एका रविवारी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून घरी गेले. धनुष्य भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मूठ चिकटवून झालेली, पाती दोन्हीकडे सारखी निमुळती, कानस फिरवून गुळगुळीत केलेली. त्या हातानं. क्षणभर मला रडूच आलं.

मग मी ते उलटं केलं. नेम धरणाऱ्याकडची बाजू फळी होती तशीच, रंध्याचा स्पर्श नाही. निशाणाकडची बाजू मात्र पार उतरवलेली, आणि तिच्यावर रेषा जागोजागी तुटून बोटभर बोटभर झालेल्या. सुताराला शोभेल अशी त्यांनी फळीची चांगली बाजू पुढे, दर्शनी ठेवली होती. फक्त धनुष्य पुढे फुगतं, म्हणून पुढचं ते पोट समजले. दिशा बदलून वापरावं, तर दुसऱ्या बाजूला एका पात्याच्या मधोमध गाठ होती, ताण आला की तिथंच मोडलं असतं.

"लाव की दोरी," आप्पा म्हणाले.

मी लावली. जेमतेम वीतभर ओढली असेल, वरच्या पात्यावरची एक चिरफळी उठून उभी राहिली. मी दोरी हळूच सैल सोडली.

"लाकूडच खराब निघालं, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी धनुष्य माझ्या हातून घेतलं, तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. "लाकडाला नाव ठेवू नगंस. पाठ म्हंजी कुठली बाजू?"

मी दाखवली.

त्यांनी ती बाजू उजेडाकडं धरली. "वाकल्यावर माणसाची बी पाठच भाईर येती की," ते म्हणाले. "मला सुचलं न्हाई."

"चूक माझी हाय. मी नीट सांगायला पायजे हुतं."

"तुझी चूक?" ते माझ्याकडं वळले. "मागं तुझ्या कपाटाचं दार सूतभर तिरकं बसलं, तर दोन दिस बोलली न्हाईस माझ्याशी. आन् आज आख्खी फळी वाया घालवली, तर लाकूड खराब, नायतर तुझी चूक." धनुष्य त्यांनी पुन्हा भिंतीला टेकवलं, सांभाळून. "इतका गेलो व्हय मी?"

मी भांडायला तोंड उघडलं. एरवी शब्दाला शब्द हजर असतो माझा. त्या दिवशी मात्र त्यांच्याशी भांडताच येईना.