मीठ तोलणारा सामुराई

दुसऱ्यावरचा अन्याय बघून रक्त खवळणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण शेकडो वर्षांपूर्वीच्या, तेही सिनेमातल्या, एका जपानी कारकुनासाठी आयर्लंडमधल्या नास गावी सोफ्यावर मुठी आपटणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मूळचे नागपूरचे. जवळच्या क्लोनडॉकिन गावातल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि संताप हा जोडधंदा. साहेब ऊठसूट ‘ग्रँड’, म्हणजे ‘छान, ठीक’, म्हणतो, त्यावर विशेष राग. ‘‘काम झालं तरी ग्रँड, बोंबललं तरी ग्रँड! मंग बोंबललं हे समजावं कसं?’’ इथे भुरभुर पावसाला ‘सॉफ्ट डे’ म्हणतात. वाऱ्याने दादांची छत्री उलटली असताना शेजारीण तसं म्हणाली, तेव्हापासून ते तिच्याशी हवामानावर बोलत नाहीत. आणि हवामान वगळलं की इथे शेजाऱ्यांशी बोलायला उरतं काय?

पण खरा राग त्या जपानी सिनेमावर, आणि तोच ते आल्यागेल्याला पुन्हा पुन्हा दाखवत. त्यातला सामुराई अगदी खालच्या दर्जाचा. गढीच्या कोठारात मीठ तोलतो, घरी येऊन मुळा चिरतो, लेकीच्या वेण्या घालतो. कमरेची तलवार एकदाही उपसत नाही; दारातून शिरताना ती चौकटीला तेवढी अडकते. ‘लढाई कधी?’ असं विचारणाऱ्या पाहुण्यांना दादा डोळ्यांनीच गप्प करत. मग तो प्रसंग यायचा. ज्या पोराला सामुराईने काम शिकवलं तोच कोठाराचा मुख्य होतो, आणि हा गुडघे टेकून त्याच्यापुढे वाकतो. इथे दादा सिनेमा बंदच करायचे. ‘‘काऊन वाकतो बे? ऊठ ना!’’ असं काळ्या पडद्याला सुनावून चहा टाकायला जायचे. त्यामुळे शेवट आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. त्यांनीही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या कंपनीत नवा टीम लीड ठरायचा होता. यंदा दादाच, असं आम्ही धरून चाललो होतो. झाला तो त्यांनीच हाताखाली तयार केलेला मुलगा. संध्याकाळी मी गेलो, तर दादा शांत बसलेले. ते बघूनच माझं डोकं फिरलं.

‘‘दादा, राजीनामा तोंडावर फेका त्यांच्या! काय म्हणालात तुम्ही त्या मुलाला?’’

‘‘अभिनंदन म्हटलं. पोरगा हुशार आहे, बाप्पा.’’

आणि त्यांनी सिनेमा लावला. तो प्रसंग आला. रिमोट हातात होता, पण बोट हललं नाही. सामुराई उठला, पावसातून घरी गेला, दारात तलवार अडकली. लेक जेवायची थांबली होती. सिनेमा संपला.

‘‘एवढंच?’’ मी ओरडलो. ‘‘याला न्याय नाही?’’

‘‘जेवायच्या वेळेला घरी पोचला ना,’’ म्हणत दादा चहा टाकायला उठले.

काल पावसात शेजारीण ‘सॉफ्ट डे’ म्हणाली, तर दादा चक्क ‘ग्रँड’ म्हणाले. माझा राग अजून गेलेला नाही. त्यांचा परत यावा, असं मला फार वाटतं.