पुसलेली होडी

तीनशे कॅलेंडरं छापून आली, बर्फाच्या कारखान्याने ती घरोघरी वाटूनही टाकली, आणि मग कुठे इस्त्रीवाल्याच्या डोक्यात उजेड पडला, की आपण जाळीवाल्या काकांची होडी पुसून टाकली आहे.

इस्त्रीवाला हे त्याला बहिणीने ठेवलेलं नाव. खरा धंदा फोटोचा. एका खोलीचा स्टुडिओ, पुढे काउंटरवर ताई, मागे पडद्याआड हा आणि कॉम्प्युटर. माणसांच्या सुरकुत्या, आकाशातल्या विजेच्या तारा, वाळूवरच्या पिशव्या, जे दिसेल त्यावर हा इस्त्री फिरवायचा. समुद्र कधीकधी मातकटही असतो, हे त्याच्या फोटोंना ठाऊकच नव्हतं.

"तुझा किनारा बघून कोणी आलं ना, तर पत्ता चुकला म्हणून परत जाईल," ताई म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा. गिऱ्हाईक खूश, मग ताईचं काय जातंय?

काका किनाऱ्यावर बसून लोकांची जाळी दुरुस्त करत. त्यांची स्वतःची होडी आता पाण्यात जायच्या लायकीची राहिली नव्हती. सुतार ती फोडून फळ्या नेणार होता. कॅलेंडरचा फोटो काढायला हा गेला, तेव्हा काका म्हणाले, "तुझ्यासाठी सुताराला आठ दिवस थांबवलंय. तेवढी येऊ दे रे फोटोत."

"येऊ दे काय, मधोमध येईल, काका."

मधोमध आलीही. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठी करून पाहिली, तर ती कलंडलेली, पत्र्याचं ठिगळ लावलेली होडी त्याच्या डोळ्यांत खुपली. त्याने शेजारची स्वच्छ वाळू उचलून तिच्यावर पसरली. पंधरा मिनिटांत किनारा चकाचक. हात इतका सराईत, की दिलेला शब्द आठवायला सवडच मिळाली नाही. वर शहाणपण असं, की मूळ फोटोवरच सगळं सेव्ह केलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या कामाला लागला. तोवर सुतारही येऊन गेला होता.

काका कॅलेंडर घेऊन स्टुडिओत आले ते चष्मा पुसतच.

"मला हल्ली नीट दिसत नाही. कुठे आहे रे ती? घरी ही म्हणते, नाहीच आहे. मी म्हटलं, असणार, त्याने शब्द दिलाय."

"छपाईत गेली असेल, काका. बघतो मी," तो म्हणाला. ताईने काउंटरवरून वर पाहिलं आणि पुन्हा पावत्यांत डोकं घातलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात त्याने जुन्या फोटोतून एक होडी कापली, कॅलेंडरच्या फोटोत बसवली, कलंडवली, पत्र्याचं ठिगळसुद्धा लावलं. फ्रेम करून काकांच्या घरी नेली. काकूंनी चहा टाकला. काकांनी फ्रेम डोळ्यांजवळ धरून काचेवरून बोट फिरवलं.

"छान आहे. पण ही माझी नाही रे. तिचं नाक जरा डावीकडे वाकडं होतं."

"दुसऱ्याची बायको आणून घरात बसवली, तर माणूस ओळखणार नाही होय?" काकू म्हणाल्या आणि दोघंही हसले.

त्या हसण्याने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप खाली ठेवून म्हणाला, "छपाईत नाही गेली, काका. मीच पुसली. वाईट दिसत होती म्हणून."

काकू आत निघून गेल्या. काकांनी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली.

"वाईट म्हणजे कशी?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळावं म्हणून.

"बरं, असं कर," काका शेवटी म्हणाले, "ती होती त्या जागेचा एक काढून दे. आहे तसा. हात लावू नकोस त्याला."

दुसऱ्या दिवशी त्याने काढला. लांबट खळगा, चार ढलप्या, एक फाटकी पिशवी, वर राखेच्या रंगाचं आकाश. फोटो पडद्यावर घेतला, तर हात सवयीने पिशवीकडे गेला. तो मागे घेतला. मग दिसलं, क्षितिज जरासं तिरकं आलंय. तेवढं सरळ केलं तर चालेल का? काकांना विचारायला हवं, पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

काका जाळी खांद्यावर टाकून रोज स्टुडिओवरून जातात.

"झाला का रे?"

"उद्या देतो, काका."

महिना झाला, तो अजून उद्याच देतो आहे.