पिवळा दोरा

शुक्रवार पेठेत कुणाला टोपणनाव पडलं की ते पीरसाबनेच पाडलेलं असायचं. टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. आता घरीच असे. मागांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. पेठेच्या फुटबॉल संघाचा तो मॅनेजर होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि काढायची कुणाची छाती नव्हती.

दर शुक्रवारी संध्याकाळी कुंडलिकच्या चहाच्या हॉटेलात मंडळी जमत आणि संघाच्या पराभवांची उजळणी होई. जिंकलेल्या सामन्यांना तिथे कुणी विचारत नसे. चिखलातली सेमीफायनल, एसटी बंद पडून हुकलेला सामना, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शहाण्णवची फायनल. शेवटच्या मिनिटाला साधा सरपटी चेंडू आला आणि गोलकीपर निंगप्पाच्या दोन पायांमधून जाळ्यात गेला. त्याच संध्याकाळी पीरसाबने त्याला ‘फाटक’ म्हटलं. पेठ पोट धरधरून हसली. पुढे शाळेत निंगप्पाच्या पोरीलाही ‘फाटकाची पोर’ म्हणायला लागले, तेव्हा तो बिऱ्हाड उचलून मैंदर्गीला निघून गेला. गोष्टीचा हा भाग पीरसाब कधी सांगत नसे.

यंदा अठ्ठावीस वर्षांनी संघ पुन्हा प्लेऑफमध्ये पोचला. साखळीतल्या पहिल्या चार संघांची सेमीफायनल, मग फायनल; जिंकेल तो राज्य पातळीवर खेळणार. पीरसाबने अंगात ताप असताना सराव पाहिला. “हे बघून डोळे मिटले तरी चालंल,” असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

पिवळी कार्डं लक्षात ठेवायची त्याची रीत कारखान्यातली होती. कापडात खोट दिसली की तो तिथे दोऱ्याची गाठ मारायचा. तसंच खेळाडूला पिवळं कार्ड मिळालं की त्याच्या बुटांच्या पिशवीला एक पिवळा दोरा. दोन दोरे झाले की पुढचा सामना बाहेर बसायचं. साखळी संपली की जुनी कार्डं माफ होत, म्हणून यंदाही त्याने कात्री घेतली आणि सगळ्यांचे दोरे कापून टाकले. यंदा माफी नाही, असा कागद स्पर्धा समितीने प्रत्येक मॅनेजरच्या हातात दिला होता. पीरसाबने तो न वाचताच चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात टाकला. “आता हे मला नियम शिकवणार,” म्हणाला.

मुबीन म्हणजे विड्या वळणाऱ्या रुक्सानाचा एकुलता एक मुलगा, गॅरेजात कामाला, संघाचा सगळ्यात तडफेचा खेळाडू. साखळीत त्याला एक कार्ड मिळालं होतं, सेमीफायनलला आणखी एक मिळालं. फायनलच्या सकाळी तो पिशवी घेऊन आला.

“चाचा, साखळीतलं धरून माझी दोन कार्डं होत न्हाईत ना?”

“दोरे किती हायत?”

“एक.”

“मग गुमान खेळ की.”

मुबीन खेळला आणि सामन्यातला एकुलता एक गोल त्यानेच डोक्याने मारला. पेठेत हलगी वाजली. पीरसाब या वयात नाचला. तिसऱ्या दिवशी समितीचा निर्णय आला: दोन कार्डांचा खेळाडू उतरवला, म्हणून सामना समोरच्या संघाला.

त्या शुक्रवारी हॉटेलात मयताला बसल्यासारखे सगळे बसले होते. पीरसाबने तो कागद सकाळीच वाचला होता. आता कागद पुन्हा खिशात होता.

“पोराला सोताची कार्डं म्हाईत नसत्यात व्हय?” कुंडलिक म्हणाला. “खेळायचा सोस. दडवलं त्यानं.”

“पिवळ्या,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग सगळ्यांनी पीरसाबकडे पाहिलं, कारण नावावर शिक्का त्याचाच लागे. पीरसाबने चहा बशीत ओतला आणि पीत राहिला.

मुबीननेही तोंड उघडलं नाही. बोळात भेटला तेव्हा “सलाम चाचा” म्हणाला आणि खाली मान घालून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर पीरसाबला बरं वाटलं असतं.

पुढचे काही दिवस त्याला घास गोड लागेना. शेवटी पुढच्या शुक्रवारी सकाळीच एसटीत बसून तो मैंदर्गीला गेला. निंगप्पाचे पाय धरावेत, त्याने तोंडाला येईल ते बोलावं, म्हणजे आपलं ओझं उतरेल, असा त्याचा हिशोब होता. निंगप्पा पेंडीच्या दुकानात बसला होता. केस पांढरे झालेले. त्याने ओळखलं, बसायला पोतं सरकवलं. पीरसाबने कागदाची सगळी गोष्ट सांगितली आणि हात जोडले.

“तुझं वाईट केलं मी. माफ कर.”

निंगप्पाने तराजू बाजूला सरकवला.

“पोराला काय म्हणत्यात पेठेत?”

“पिवळ्या.”

“तू सांगितलंस काय तितं, चूक तुझी हाय म्हणून?”

पीरसाबने नकारार्थी मान हलवली.

“मग हितं कशाला आलास?” निंगप्पा शांतपणे म्हणाला. “माझं झालं की सगळं. पोरीचं लगीन ठरवतानाबी त्या नावानं वळखलं मला. ते पोरगं आजून हाय तितं. जा.”

चहासुद्धा न घेता पीरसाब परत निघाला. स्टँडवरून तो थेट रुक्सानाच्या दारात गेला. ती सुपात तंबाखू घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

“काल गेला पुण्याला. गॅरेजवरची पोरं पिवळा झेंडा दाखवायची त्याला. बूट घेऊन जा चाचा, त्यो टाकून गेला.”

खुंटीवर पिशवी होती. दोरा एकच.

पिशवी घेऊन पीरसाब हॉटेलात आला. मंडळी जमलेलीच होती. त्याने खिशातला कागद काढून उलगडला आणि उभ्यानेच मोठ्याने वाचला. मग म्हणाला, “हे मला आधीच दिलं होतं. मी वाचलं न्हाय. पोरानं इचारलं, तर मीच खेळ म्हणालो. त्याची काय चूक न्हाय. माझी हाय. गेल्या शुक्रवारी म्हाईत असून गप बसलो.”

आठ दिवसांत पहिल्यांदाच पीरसाबला छाती मोकळी झाल्यासारखी वाटली.

कुंडलिकने पातेलं उतरवलं, कप मांडले.

“म्हंजे पिवळ्याची कायच चूक नव्हती म्हणा की,” तो हळहळून म्हणाला, आणि चहा ओतू लागला.